एखाद्या भागाचा अन्नपुरवठा चुकून किंवा मुद्दाम होणाऱ्या दूषिततेपासून कसा वाचवायचा?

आधी मालाची वाट तपासा. जिथे अनेकांचा माल एकत्र होतो, ती जागा सगळ्यात नाजूक. शंभर ठिकाणचं दूध एका टाकीत पडलं की एका कॅनमधली खराबी अख्ख्या टाकीची होते. म्हणून तपासणी ओतण्याआधीच व्हायला हवी.

चुकून होणारं दूषण स्वच्छता, योग्य तापमान आणि कच्चा-शिजवलेला माल वेगळा ठेवणं यानं बरंचसं टळतं. मुद्दाम करणारा मात्र तुमची चाचणी ओळखून असतो. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन मिसळलं गेलं, कारण चाचणी प्रथिनं थेट न मोजता नायट्रोजन मोजत होती आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो; त्यामुळे पातळ दूधही प्रथिनांनी भरलेलं वाटत होतं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली. हे वाचून अजूनही पोटात तुटतं. तेव्हा एकाच ठरावीक चाचणीवर विसंबू नका. अधूनमधून, न सांगता, वेगळी चाचणी करा.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये, म्हणजे जिथे गिऱ्हाईक उघड्यावर मांडलेलं सॅलड स्वतः वाढून घेतं तिथे, मुद्दाम साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू टाकला गेला. ७५१ जण आजारी पडले, आणि सुरुवातीला ठपका आला कामगारांच्या अस्वच्छतेवर! उघड्या मालाजवळ कोण जाऊ शकतं, हे ठरलेलंच हवं.

टँकर आला की सीलचा नंबर कागदाशी जुळवा. जुळला नाही तर, कितीही घाई असो, माल उतरवू नका.

प्रत्येक बॅच कुठून आली, कुणाकडे गेली याची नोंद ठेवा. गडबड झाली तर नेमका तेवढाच माल पटकन परत मागवता येतो.