वाचक विचारतात : नोटा, कर आणि खर्चाची चावी

प्रश्न : सरकारला नोटा छापता येतात, तर आमच्याकडून कर आणि बाजारातून कर्ज कशाला घेते?
– एक सूत व्यापारी, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : एक रुपयाची नोट सोडली, तर नोटा सरकार नव्हे, रिझर्व्ह बँक काढते. नोटांमागे सोने ठेवण्याची अडचण म्हणाल, तर ती नावापुरतीच आहे. कायद्याने एकूण २०० कोटींचा राखीव साठा पुरतो, त्यात सोने किमान ११५ कोटींचे. खरा अडसर दुसरीकडे आहे.

पूर्वी तुम्ही म्हणता तशी सोय होतीच. १९५५ पासून केंद्राच्या खात्यातली शिल्लक घसरली की रिझर्व्ह बँकेच्या नावे 'ॲड-हॉक' ट्रेझरी बिल (सरकारचे अल्पमुदतीचे कर्जपत्र) लिहिले जाई आणि खाते भरे. १ एप्रिल १९९७ पासून हे बंद झाले. आता तात्पुरती उचल मिळते, पण तिला मर्यादा आहे आणि ती ठरल्या मुदतीत फेडावी लागते. एप्रिल २००६ पासून, अपवादाचे प्रसंग वगळता, रिझर्व्ह बँक सरकारचे नवे कर्जरोखे थेट घेत नाही. बाजारात आलेले रोखे मात्र ती विकत घेऊ शकते. २०२१ च्या एप्रिल ते जूनमध्ये तिने असे १ लाख कोटींचे रोखे घेतले. त्यामुळे 'सरकार पैसा निर्माण करतच नाही' हेही पूर्ण खरे नाही आणि 'हवा तेवढा करते' हेही नाही.

शिवाय व्यवहारातल्या पैशाचा मोठा हिस्सा नोटांचा नसतोच. यंत्रमागवाल्याला बँक १० लाखांचे कर्ज मंजूर करते, तेव्हा कुणा ठेवीदाराची रक्कम उचलून देत नाही. एका बाजूला कर्ज आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या खात्यात ठेव, अशा दोन नोंदी होतात. नवा पैसा तिथे जन्मतो आणि कर्ज फिटले की मिटतो.

कराचे उलट. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला आगाऊ कर भरला की रक्कम बँकांकडून सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जाते. सरकारची ही शिल्लक चलनपुरवठ्यात धरत नाहीत, म्हणून त्या दिवसांत बँकांकडे पैशाची ओढ जाणवते. सरकारने पगार आणि बिले दिली की तो परत फिरतो. सरकार आधी कर घेऊन मग खर्च करते की आधी खर्च करून मग कर घेते, हा वाद म्हणूनच अर्थशास्त्रज्ञांत मिटत नाही. आमच्या मते तो दुय्यम आहे. गावातले निम्मे माग बंद असतील, तर सरकारने टॉवेलची मागणी वाढवल्यावर माग सुरू होतील. सगळेच तिन्ही पाळ्यांत चालत असतील, तर त्याच मागणीने फक्त सुताचा भाव चढेल. मर्यादा कागदाची नसून सूत, वीज आणि कामगारांची आहे.

प्रश्न : माझ्या करातले पैसे शाळांनाच द्या, असे करदात्याला सांगता का येऊ नये?
– नोकरदार, जुळे सोलापूर

उत्तर : इटलीत १९८५ च्या कायद्यापासून प्राप्तिकराचा हजारी ८ हिस्सा कुणाला जावा हे करदाता निवडतो. हंगेरीत १९९६ च्या कायद्यापासून १ टक्क्याची तशी सोय आहे. जपानात २००८ पासून आवडत्या गावाला देणगी देऊन करात सूट मिळते. तिथे गावांनी बदल्यात महागड्या भेटवस्तू वाटण्याची चढाओढ लावली आणि २०१९ मध्ये भेटीची किंमत देणगीच्या ३० टक्क्यांपर्यंत बांधावी लागली.

आपल्याकडे असा हक्क नाही. कर एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या सामायिक तिजोरीत जातो आणि तिथून पैसा विनियोजन कायद्यानेच, म्हणजे संसदेने खर्चाला दिलेल्या मंजुरीनेच निघतो. त्यातही व्याजावर लोकसभेत मतदानसुद्धा होत नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ५०.६५ लाख कोटींपैकी १२.७६ लाख कोटी, म्हणजे चौथा हिस्सा, व्याजाचा होता. व्याजासाठी पैसे द्यायचे 'निवडणारा' करदाता कुठून आणणार?

दुसरी गोची बेरजेची. सरकार शाळांवर १०० रुपये खर्चणारच आहे आणि लोकांनी शाळांसाठी ४० निवडले, तर सरकार आपले ६० घालून मोकळे होते. शाळेला एक पैसाही जास्त नाही. निवड १०० च्या वर गेली तरच फरक पडतो. ठरावीक कामाचे नाव लावून घेतलेल्या उपकरांचीही (जादा करांचीही) गत तशीच झाली आहे. २०१८-१९ मध्ये ३५ उपकर आणि आकारांतून सुमारे २.७५ लाख कोटी जमले, पण त्यांच्या ठरलेल्या निधीत १.६४ लाख कोटीच वळते झाले, असे महालेखापरीक्षकांनी नोंदवले.

निवडीची एक छोटी वाट मात्र आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने, मोठ्या उत्पन्नावरचा अधिभार लागत नसेल तर, जुन्या करप्रणालीत मुख्यमंत्री सहायता निधीला १०,००० रुपये दिले की उपकर धरून ३,१२० रुपये कर वाचतो. खिशातून ६,८८० गेले आणि सरकारचे ३,१२० तुम्ही वळवले. २,००० वरची देणगी रोखीने दिलीत, तर वजावट नाही. नव्या प्रणालीत तर ती मुळातच मिळत नाही.

प्रश्न : महापालिकेच्या बिलात 'शिक्षण कर' आहे. तो आमच्या वॉर्डातल्या शाळेला मिळतो का?
– गृहिणी, अशोक चौक

उत्तर : नाही. तो १९६२ च्या कायद्याने आकारलेला राज्याचा कर आहे. महापालिका तो फक्त वसूल करून राज्याकडे भरते. दुकानाच्या बिलातला 'रोजगार हमी कर'ही तसाच. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय करही १९७५ मध्ये रोजगार हमीसाठीच आला. वॉर्डाच्या शाळेसाठी पाहायचे, तर महापालिकेच्या अंदाजपत्रकातले शिक्षणाचे पान पाहा. महापालिकेला नोटा काढता येत नाहीत, त्यामुळे तिथली प्रत्येक रक्कम मालमत्ता कर, जीएसटी भरपाईचे अनुदान किंवा कर्ज अशा कुठून तरी आलेली दाखवावीच लागते.