रोहिणी: चढणारी नव्हे, तांबडी

प्रश्न असा आला आहे: 'रोहिणी नक्षत्राच्या नावाचा अर्थ वर चढणारी असा आहे का? आणि "तप्त तांबडी रोहिणी" हा प्रयोग बरोबर आहे का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हे 'तप्त तांबडी' ऐकून कान किटले आहेत. ताऱ्याचा तांबडेपणा ही तुलनेने थंडपणाची खूण. रोहिणी नक्षत्रातल्या ठळक ताऱ्याच्या, म्हणजेच रोहिणीच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३,९०० केल्विन, सूर्याचं सुमारे ५,८००. तरी ती सूर्याच्या चारशेपट प्रकाश देते, कारण गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर ती फुगत गेली आणि आज तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४४ पट आहे. 'तप्त' हे विशेषण निळसर-पांढऱ्या ताऱ्यांना लावा.

आता नाव. 'रुह्' म्हणजे चढणे, म्हणून रोहिणी, ही व्युत्पत्ती जुनी आहे. तैत्तिरीय ब्राह्मणातच देव रोहिणी नक्षत्रावर अग्न्याधान (यज्ञाच्या अग्नीची स्थापना) करून वर चढले, तेच तिचं रोहिणीत्व, असं म्हटलंय. पण ब्राह्मणग्रंथांतली अशी वाक्यं म्हणजे यज्ञाची महती सांगण्यासाठी साधलेले श्लेष. त्यांना व्युत्पत्ती समजून उतरवून घेणाऱ्या कोशकारांनी पाणिनी उघडायला हवा होता! सूत्र ४.१.३९: उपान्त्य 'त' असलेल्या काही रंगवाचक शब्दांचं स्त्रीलिंग करताना त्या 'त'चा विकल्पाने 'न' होतो. श्येतची श्येनी, हरितची हरिणी, आणि रोहितची रोहिणी. रोहित म्हणजे तांबडा. लोहित हे त्याचंच दुसरं रूप, रुधिरही त्याच कुळातलं. म्हणजे रोहिणी ही सरळसरळ 'तांबडी'. ऐतरेय ब्राह्मणातल्या प्रजापतीच्या कथेतही 'रोहित्' या तांबड्या हरिणीचीच आकाशात रोहिणी होते.

माझा सगळ्यात लाडका पुरावा मात्र वेगळाच आहे. तैत्तिरीय संहितेच्या नक्षत्रयादीत रोहिणी दोनदा येते: एकदा प्रजापती देवतेची, एकदा इंद्राची. ही इंद्राची रोहिणी म्हणजे आपली ज्येष्ठा. आकाशात या दोघी जवळजवळ समोरासमोर, एक मावळायला आली की दुसरी उगवते. दोघींची योगतारा (नक्षत्रातला मुख्य तारा) ठळक आणि तांबूस. ज्येष्ठेची तर आणखी थंड, सुमारे ३,६०० केल्विन. इतक्या दूरच्या दोन ताऱ्यांना एकच नाव मिळालं ते रंगामुळे. चढण्याचा अर्थ धरून बसलेल्यांनी ही दुसरी रोहिणी कुठून आली ते सांगावं.