लुमेन नंतर, आधी मेजरिंग टेप

तुमची खोली १४ बाय १२ फूट, भिंती पांढऱ्या, पडदा १२० इंची (कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) हवा आणि गाडी दोन प्रोजेक्टरांवर अडलीय: एकाच्या खोक्यावर '९००० लुमेन, फोर-के सपोर्ट', दुसरा २२०० आन्सी लुमेनचा साधा फुल एचडी. मी डोळे झाकून दुसरा घेईन. पण तोही खोली मोजल्यावरच.

लुमेन हे उजेडाचं माप. आन्सी लुमेन म्हणजे पांढऱ्या चित्रावर नऊ ठिकाणी मोजलेल्या उजेडावरून काढलेला आकडा. नुसतं 'लुमेन' लिहिलं की बहुतेकदा तो आतल्या दिव्याचा आकडा असतो. लेन्समधून बाहेर किती पडतं, ते गुलदस्त्यातच. 'फोर-के सपोर्ट'चंही तेच. सिग्नल घेतो एवढाच त्याचा अर्थ, दाखवताना बऱ्याचदा १२८० बाय ७२० पिक्सेलवर आणून सोडतो. माहितीपत्रकात 'नेटिव्ह रिझोल्यूशन' (प्रोजेक्टर खरोखर किती पिक्सेल दाखवतो) ही ओळ शोधा. ती नसेल तर समजून घ्या.

आता हिशेब. पूर्ण अंधारात सिनेमागृहासारखा उजेड म्हणजे साधारण १६ फूट-लँबर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला १६ लुमेन. १२० इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४३ चौरस फूट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर ७०० लुमेनच्या आसपास पोचले की झालं. सिनेमा मोडमध्ये जाहीर आकड्याच्या निम्मंच हाती लागतं असं धरलं, तरी २२०० वाला पुरून उरतो. दिवा जुना होईल तसा उजेड उतरतो, त्यासाठीही थोडी शिल्लक राहते. मात्र दिवसा खिडक्यांचे पडदे उघडे ठेवून क्रिकेट बघायचं असेल तर हा हिशेब विसरा आणि सरळ मोठा टीव्ही घ्या.

खरी गोम काळ्या रंगात आहे. प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही. तो बंद असताना पडदा जसा दिसतो, त्यापेक्षा काळं काही त्यावर कधीच दिसणार नाही. त्यात पांढऱ्या भिंती आणि छत पडद्यावरचा उजेड परत पडद्यावरच फेकतात आणि रात्रीचे प्रसंग राखाडी होतात. पडद्यालगतचा तीन-चार फुटांचा भाग, छतासकट, गडद मॅट रंगाचा करा. आमच्याकडे रंगाला घरातून सक्त विरोध झाला, मग बाजूंना गडद तपकिरी सरकते पडदे लावले. महागडा प्रोजेक्टर घेऊनही पडला नसता एवढा फरक पडला.

अंतर. लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे थ्रो रेशो. १०० इंची पडदा २२१ सेंटीमीटर रुंद असतो, १२० इंची २६६. लेन्स ३८० सेंटीमीटरवर येत असेल तर १०० साठी सुमारे १.७ आणि १२० साठी १.४ लागेल. माझा पहिला प्रोजेक्टर हे न बघता घेतला होता. चित्र पडद्याबाहेर सांडायचं, म्हणून तो पुढे आणून बाजूच्या टेबलावर ठेवला आणि कीस्टोनने, म्हणजे तिरपं पडलेलं चित्र सरळ करायच्या सेटिंगने, चित्र ओढूनताणून चौकोनी केलं. कीस्टोन म्हणजे चित्र तयार करणाऱ्या चिपमधलेच पिक्सेल वाया घालवणं, शिवाय चित्राभोवती फिकट उजेडाची चौकट उरते ती वेगळीच. लेन्स शिफ्ट (लेन्सच थोडी सरकवायची सोय) असेल तर हा त्रास नाही, कारण चित्र काचेतूनच सरकतं. त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

प्रोजेक्टरचे मुख्य प्रकार तीन: डीएलपी, थ्री-एलसीडी आणि एलकॉस. एका चिपच्या डीएलपीमध्ये रंग एकामागून एक दाखवले जातात, त्यामुळे काहींना काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्य चमकल्यासारखं दिसतं. दुकानात सबटायटल लावून नजर झरझर फिरवून बघा. घरातल्या बाकीच्यांनाही न्या, कारण तुम्हाला नाही दिसलं तरी त्यांना दिसू शकतं. थ्री-एलसीडीमध्ये तिन्ही रंग एकदम पडतात, म्हणून ते होत नाही. काळ्या रंगात एलकॉस सगळ्यांच्या पुढे, पण किंमतही तशीच.

आणि १२० चा हट्ट थोडा सोडा. तोच उजेड १०० इंचांवर जवळजवळ दीडपट दाट पडतो, आणि १२ फुटांवर बसलात तर १०० इंच काही लहान दिसत नाही. भिंतीवर कागदी टेपने २२१ बाय १२५ सेंटीमीटरची चौकट आखा, चार दिवस तशीच राहू द्या. पंखा, दिवा, कपाटाचं दार यांतलं काय आड येतं तेही तेव्हाच कळेल. मग लेन्सचं अंतर आणि छताची उंची इथे लिहा, कुठला थ्रो बसतो ते सांगतो.