इटलीतलं जुनं शेतघर: आधी फाइल, मग बयाणा

उम्ब्रियात एक दगडी शेतघर आवडलं आहे. मालक म्हणतो, ‘घर १९६७ च्या आधीचं आहे आणि कातास्तोत नकाशाही आहे, तेव्हा परवानग्यांची चिंता नको.’ बयाणा देऊ का? (वाचक, मिलान)

आत्ता देऊ नका. तुमचा मालक खोटं बोलत नसेल, पण अर्धंच सांगतो आहे. कातास्तो ही करआकारणीची नोंद आहे. आपल्याकडे घरपट्टी लागली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, तसंच हे. १ सप्टेंबर १९६७ या तारखेला महत्त्व आहे, कारण गावाबाहेरच्या बांधकामालाही परवाना सक्तीचा झाला तो तेव्हाच्या कायद्याने. पण त्या तारखेने सुटतं ते मूळ घर. १९७५ साली मागे काढलेली न्हाणी, १९९० साली बंद केलेला ओटा, वाढवलेली खिडकी यांना परवाना लागतच होता. शिवाय काही गावांचे स्वतःचे बांधकाम नियम १९६७ पूर्वीही होते.

म्हणून आधी एक जेओमेत्रा गाठा. मोजणी, नकाशे आणि परवान्यांचे अर्ज करणारा हा तंत्रज्ञ खेड्यात आर्किटेक्टपेक्षा लवकर सापडतो. मालकाच्या संमतीने तो कोमूनेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, घराची जुनी फाइल मागवेल आणि मंजूर नकाशा प्रत्यक्ष भिंतींशी ताडून पाहील. किरकोळ फरक २०२४ च्या ‘साल्वा काझा’ कायद्यात माफ आहेत: २४ मे २०२४ पूर्वीच्या कामांसाठी घराच्या आकारानुसार २ ते ६ टक्के, लहान घराला जास्त. त्यापलीकडचं विक्रीआधी मालकाने नियमित करून द्यावं, हे करारात लिहून घ्या. एकदा घर तुमच्या नावावर झालं की जुन्या मालकाचं अनधिकृत बांधकाम तुमच्या गळ्यात पडतं. इतक्या हौसेने घेतलेल्या घरात पहिलं वर्ष कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तोस्कानातल्या आमच्या घराचा तळमजला पूर्वी गोठा होता. तिथे झोपायच्या खोल्या करायच्या आहेत. (वाचक दांपत्य, फिरेन्झे)

खाली बैल, वर माणसं आणि बाहेरून जिना, ही तिथल्या कुळांच्या शेतघरांची जुनी रचना. गोठ्याची खोली करणं म्हणजे फक्त गिलावा आणि फरशी नव्हे. तो वापरातला बदल ठरतो आणि त्यावर बहुधा नगरपालिकेला विकासशुल्क भरावं लागतं. वापरबदलाच्या २०२४ च्या सवलती शेती-वापराच्या इमारतींसाठी नाहीत, त्यामुळे तुमच्या कोमूनेची विकास योजना काय म्हणते ते आधी पाहा.

दुसरी अडचण उंचीची. राहत्या खोलीला साधारण २.७० मीटर उंची लागते, गोठे बुटके असतात. जुन्या घरांना काही सूट मिळते. ती न मिळाल्यास लोक जमीन खोल करतात, आणि तिथे खरा धोका आहे. दगडी भिंतींचा पाया उथळ असतो, तो उघडा पडतो. हे संरचनेचं काम आहे. त्याला इंजिनिअरची गणितं आणि भूकंपविषयक परवानगी हवी. संरचनेला हात लावणाऱ्या दुरुस्तीला बहुतेक वेळा ‘शीया’ हे निवेदन पुरतं. दाखल केल्या दिवशी काम सुरू करता येतं आणि तपासायला कोमूनेला ३० दिवस असतात. मात्र भूकंप आणि निसर्गदृश्य या दोन्ही परवानग्या लागू असतील तर त्या आधी हातात हव्यात.

निसर्गदृश्याची परवानगी म्हणजे काय? आम्हाला फक्त एक खिडकी वाढवायची आहे. (वाचक, सिएना)

संरक्षित परिसरात बाहेरून दिसणारा बदल सोप्रिन्तेंदेन्त्सा या वारसा खात्याच्या मतानेच होतो. नदीपासून १५० मीटर, समुद्रापासून ३०० मीटर आणि जंगल हे पट्टे कायद्यानेच संरक्षित आहेत. जुनी झडप त्याच लाकडाची, त्याच धाटणीची बसवली तर परवानगी लागत नाही. नवी खिडकी काढायची किंवा असलेली वाढवायची तर लागू शकते. छोट्या बदलांसाठी २०१७ पासून सोपी पद्धत आहे, तिची मुदत ६० दिवस. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. ही कटकट मला मान्य आहे. सिएनाजवळच्या व्हाल द’ओर्चा खोऱ्यातल्या टेकड्या आजही तशाच दिसतात, त्यामागे असे नियमच आहेत.

छप्पर कोसळलेलं घर पुन्हा उभारता येतं का? (वाचक, बोलोन्या)

येतं, २०१३ पासून. अट एकच, पण कडक: मूळ आकार आणि आकारमान सिद्ध झालं पाहिजे. उरलेल्या भिंती, कातास्तोचा जुना नकाशा, १९५४-५५ ची लष्करी भूगोल संस्थेची हवाई छायाचित्रं असे पुरावे चालतात. विकत घेण्याआधी ते गोळा करा. पुरावा नसेल तर तुम्ही दगडांचा ढीग विकत घेत आहात.

आम्ही पुण्यात राहतो. आम्हाला असं घर घेता येईल का? (वाचक, पुणे)

इटलीचा निवासपरवाना नसलेल्या परदेशी नागरिकाला परस्परतेचा नियम लागतो: इटालियन माणसाला भारतात जे करता येतं, तेच तुम्हाला तिथे. भारतातल्या निर्बंधांमुळे हा प्रश्न तुमच्या बाबतीत खरोखरच उभा राहतो. खरेदीखत करणाऱ्या नोताइओकडून याचं उत्तर लेखी घ्या, जेओमेत्राला काम देण्याच्याही आधी.