जपान एअरलाइन्सने पहिल्यांदाच जाताय?

आधी सीट बघा. त्यांच्या आंतरराष्ट्रीय बोइंग ७८७ विमानांत इकॉनॉमीची रांग २-४-२ असते. बहुतेक कंपन्या तिथे ३-३-३ बसवतात. दोघं असाल तर खिडकीकडची जोडी लगेच धरा, रात्री अनोळखी माणसाला उठवावं लागत नाही.

शाकाहारी असाल तर जेवण निदान दोन दिवस आधी नोंदवाच. ऐनवेळी मागून मिळत नाही. जपानी सूप-सॉसमध्ये बहुधा दाशी असते, म्हणजे बऱ्याचदा सुक्या बोनिटो माशाचा अर्क. वर नुसतं टोफू आणि कांद्याची पात दिसते. माझ्या आईने अर्धी वाटी मिसो सूप प्यायल्यावर मला हे कळलं, फार वाईट वाटलं.

टोकियोत विमान बदलणार? मग तिकिटावर हानेदा विमानतळ आहे की नारिता, नीट वाचा. दोन्हींमध्ये तासाभराहून जास्त प्रवास आहे.