ढगांच्या पोटात काय चाललंय?

प्रश्न : भूस्थिर उपग्रह चोवीस तास एकाच भागावर नजर ठेवतात. मग अमेरिकेचं सरकार ध्रुवांवरून फिरणाऱ्या ध्रुवीय उपग्रहांवर वेगळा खर्च का करतं?

उत्तर : कारण भूस्थिर उपग्रहाच्या ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून ढगांचा माथा छान दिसतो, पोट नाही. नोआ-२० आणि नोआ-२१ हे अमेरिकेचे ध्रुवीय हवामान उपग्रह सुमारे ८२४ किलोमीटरवरून फिरतात. त्यांच्यावरचं २२ चॅनेलचं मायक्रोवेव्ह उपकरण बहुतेक ढगांच्या आरपार, थराथरातलं तापमान आणि बाष्प टिपतं. अंदाजाच्या संगणकीय मॉडेलना हेच आकडे लागतात. मला स्वतःला त्यांचा रात्रीचा कॅमेरा फार आवडतो. नुसत्या चंद्रप्रकाशात चक्रीवादळाचा डोळा दाखवतो!

हे सहज जमलेलं नाही. लष्करी आणि नागरी उपग्रह एकत्र करण्याची योजना वाढता खर्च आणि विलंबामुळे २०१० मध्ये मोडली, त्यातून जेपीएसएस हा ध्रुवीय उपग्रहांचा नागरी कार्यक्रम उभा राहिला. मधली वर्षं २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहाने सांभाळली. तो मुळात नव्या उपकरणांच्या चाचणीसाठी होता. वादळाच्या वाटेवरच्या माणसांचा जीव असा चाचणीच्या उपग्रहावर टांगलेला असणं मला अजिबात पटत नाही. राखीव उपग्रह आधीच कक्षेत हवा. नोआ-२१ नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला, तेव्हा कुठे हायसं वाटलं.