गाडीला कोरडं फडकं लावू नका: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दसरा-दिवाळीला नव्या गाड्या घरी आल्या आणि मागोमाग पत्रं सुरू झाली, यावेळी जवळजवळ सगळी रंगाबद्दलच आहेत. निवडक घेतोय. काही पत्रं लांब होती, थोडी छाटली आहेत.

प्रश्न: आमची काळी एसयूव्ही अगदी नवीन आहे, पहिली सर्व्हिसिंग पण व्हायची आहे. सोसायटीत एक दादा रोज पहाटे गाडी पुसून जातात. परवा रात्री पेट्रोल पंपावर लाईटखाली उभी केली तर बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे दिसले. शोरूमवाल्याने खराब पीस दिला का?
– एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर: पीस खराब नाहीये. ते ओरखडे रोजच्या पुसण्याने पडलेत, आणि काही कदाचित डिलिव्हरीच्या आधी शोरूमला घाईघाईत धुतली तेव्हाचेही असतील. सोसायट्यांमधल्या बहुतेक गाड्यांची हीच गत आहे, फक्त पांढऱ्या नि सिल्व्हर गाडीवर ते दिसत नाही आणि काळीवर लपत नाही.

होतं काय ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या गाडीची जी चमक आहे ती केसापेक्षाही पातळ थरात आहे. आता वाकड-हिंजवडीकडे चाललेली बांधकामं, त्यांची धूळ रात्रभर गाडीवर बसते, त्यात वाळूचे कण असतात आणि वाळू क्लिअर कोटपेक्षा कडक असते. सकाळी त्यावरून फडकं फिरलं की ते कण रंगावर घासत जातात. रोज. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांनी असतात, पण दिव्याभोवती जे आडवे येतात तेच चमकतात म्हणून ते गोल दिसतात.

आणि यात त्या दादांना बोलू नका प्लीज. एका माणसाला पहाटे पाच ते आठमध्ये वीस-पंचवीस गाड्या उरकायच्या असतात, पाणी एकच बादली, फडकं एकच, महिन्याला हातात पडतात काहीशे रुपये, त्यात तो अजून काय करणार! त्यांचे पैसे चालू ठेवा आणि सांगा की रंगाला हात लावायचा नाही, फक्त काचा, टायर आणि आतून साफ करायचं. काचेसाठी स्वतःचं वेगळं फडकं त्यांच्याकडे देऊन ठेवा.

रंग तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा धुवा, धूळ कमी असेल तर पंधरा दिवसांनी धुतलं तरी चालतं. गाडीवर नुसती धूळ बसलेली असेल तर रंगाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते कोरडं पुसल्याने. गाडी सावलीत घ्या, बोनेटला हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागलं तर थांबा. आधी नुसतं पाणी मारून माती सोडवा, ही स्टेप कधीच गाळू नका. मग दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपापासून सुरुवात करायची, एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मग परत शाम्पूत. शेवटी त्या साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी हात घालून बघा, चिमटीत कचकच लागते, ती सगळी माती नाहीतर रंगावरून फिरली असती. दाराचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी, त्यांचं कापड वेगळं. पुसताना घासायचं नाही, मोठा मायक्रोफायबर टॉवेल अंथरायचा आणि हळूच ओढून घ्यायचा. टॉवेलचं लेबल आधी कापून टाका, ते टोचतं. आणि कापड खाली पडलं तर त्या दिवशी ते रंगाला परत लावायचं नाही, धुवायला टाकायचं.

आत्ता पडलेल्या ओरखड्यांसाठी लगेच पॉलिशला पळू नका. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून सपाट करणं, दरवेळी एकदोन मायक्रॉन तरी जातात आणि ते परत येत नाहीत. आधी धुण्याची सवय बदला, मग पुढे कधीतरी एकदाच, ज्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे आणि जो तुमच्यासमोर मोजून दाखवतो अशा माणसाकडून करून घ्या. रस्त्याकडेला मशीन लावून रबिंग करून देतात तिथे नवी गाडी अजिबात नेऊ नका.

प्रश्न: दादा, दसऱ्याला पांढरी हॅचबॅक घेतली. शोरूममध्ये टेफ्लॉन कोटिंग घ्याच म्हणून मागे लागलेत, बाहेरचा एक डिटेलर (गाडी चकाचक करून देणारा) म्हणतो सिरॅमिक कर ९एच वालं, दगड लागला तरी काही होत नाही, आणि मित्र म्हणतो पीपीएफशिवाय (रंगावर चिकटवतात ती पारदर्शक फिल्म) सगळं फुकट आहे. डोकं चालेना झालंय. अजून एक, जोतिबाला गाडी नेली होती, गुलाल सगळीकडे गेलाय, कसा काढू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आधी गुलालाचं घ्या कारण ते अर्जंट आहे. कोरडा गुलाल फडक्याने झटकू नका. भरपूर पाणी सोडा, नुसतं वाहू द्या, मग शाम्पू. पुढच्या काचेच्या खाली वायपरजवळ जी जाळी असते तिच्यात हमखास साठतो, तिथे आधी व्हॅक्यूम मारा, नाहीतर ओला होऊन तिथल्या पाणी जायच्या वाटा बुजवतो. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असेल तर त्यावर ओलं कापड काही मिनिटं ठेवा, मऊ झालं की अलगद उचला, नखाने खरवडू नका. हार काढून टाका. वाऱ्याने हलणारा हाराचा दोरा किंवा तार एकाच जागी घासत राहते, बोनेटच्या कडेला कायमची रेघ पडते.

आता कोटिंग. टेफ्लॉन हा पदार्थ खरा चिकटवायला ३०० अंशांच्या वर तापवावा लागतो, तव्याला तसंच करतात. गाडीचा रंग कारखान्यात भाजतात तोच १४० अंशांच्या आसपास, मग शोरूमच्या मागच्या शेडमध्ये तासाभरात गाडीवर काय चिकटणार? तिथे लावतात ते एक सीलंट असतं, काही महिने पाणी घसरतं, चमक येते, नंतर जातं. वाईट नाहीये, पण तसलं सीलंट किंवा चांगलं वॅक्स तुम्ही घरी स्वतः तीन-चार महिन्यांनी लावू शकता, खूप कमी पैशात. टेफ्लॉन नको म्हणून सरळ सांगा.

सिरॅमिक ही खरी गोष्ट आहे. सिलिकावर आधारलेला थर रंगाशी घट्ट बसतो, पाणी मण्यांसारखं ओघळतं, चिखल लवकर सुटतो, उन्हाला आणि पक्ष्यांच्या घाणीला थोडा जास्त टिकतो. पण ९एच हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या टेस्टमधला आहे. म्हणजे ९एच पेन्सिलने ओरखडा पडत नाही, एवढंच. हायवेवर पुढच्या ट्रकने उडवलेली खडी त्याने अडत नाही, कारण थरच जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा असतो. जो दगडाचं वचन देतो त्याच्याकडे करू नका, कारण त्याला आपलंच काम माहीत नाही किंवा तो खोटं बोलतोय. आणि सिरॅमिक केलं म्हणून धुणं चुकत नाही, कोरडं फडकं मारलं तर त्यावरही ओरखडे येतातच.

दगड अडवायचं काम फक्त पीपीएफचं. ती १५० ते २०० मायक्रॉनची जाड युरेथेनची फिल्म असते, चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाने भरूनही येतात. पूर्ण गाडीला खर्च सहज लाखाच्या घरात जातो, हॅचबॅकला एवढा करावा असं मला वाटत नाही. माझं मत विचाराल तर पीपीएफ फक्त पुढच्या बंपरला, बोनेटच्या पुढच्या पट्ट्याला, आरशांच्या मागे, दारांच्या कडांना आणि हँडलच्या मागच्या खोबणीत, तिथे नखांनी फार चरे पडतात. कोल्हापूर-पुणे रोजचं येणं-जाणं असेल तर हे जरूर करा. बाकी गाडीला वॅक्स पुरतं. सिरॅमिक करायचंच असेल तर आत्ता, गाडी नवी असताना करा, पण आधी रंग तपासून ओरखडे काढायला लावा, नाहीतर ते खाली तसेच राहतील.

प्रश्न: भांडी घासायचं लिक्विड किंवा निरमा वापरला तर काय होतं? आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच वापरतात. वडील तर चमक यायला डिझेलचा बोळा फिरवतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: रंग लगेच उडत नाही, पण लावलेलं वॅक्स साफ निघून जातं आणि रबर, काळं प्लास्टिक हळूहळू पांढुरकं पडतं. कपड्याच्या पावडरीचा न विरघळलेला खडा तर सरळ चरा पाडतो. पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना क्षारीय) कार शाम्पूची बाटली महिनोनमहिने जाते, एवढं करा. डिझेलने चमक दिसते कारण तेलकट थर बसतो आणि त्याच थरावर पुढच्या तासाभरात धूळ येऊन चिकटते, मग ती काढायला अजून घासावं लागतं. वडिलांना वॅक्स आणून द्या, त्यांना आवडेल, हाताने लावायचं काम आहे.

प्रश्न: घरासमोर हापूसची कलमं आहेत, गाडी त्यांच्याखालीच लागते, दुसरी जागा नाही. मोहोर आला की गाडीवर चिकट थेंब पडतात, नंतर काळे होतात, निघता निघत नाहीत. समुद्र पण जवळ आहे.
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर: हा तुडतुड्यांचा चिकटा. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि साखरेचा चिकट पदार्थ खाली टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते, पानं काळी पडतात ती त्यानेच. ताजा असताना हा कोमट पाण्यात विरघळतो, म्हणून मोहोराच्या दिवसांत रोज संध्याकाळी टपावर आणि बोनेटवर नुसतं पाणी मारा, हात लावायची पण गरज नाही. वाळून काळा झालेला असेल तर कोमट शाम्पूच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल दहा मिनिटं अंथरून ठेवा. तरी खरखरीत लागलं तर क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर ओलावा ठेवून, अजिबात दाब न देता. मोहोर यायच्या आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला वॅक्सचा एक हात द्या, मग चिकटा पकडच घेत नाही. कलमांवर फवारणी असेल त्या दिवशी मात्र गाडी हलवा.

कव्हर घालावंसं वाटेल, पण तुमच्याकडे मी नको म्हणेन. खारं दमट वारं, त्यात कव्हर आतून ओलं राहतं, वाऱ्याने फडफडतं आणि खाली अडकलेली लाल माती घासत राहते. पत्र्याचं किंवा शेडनेटचं छप्पर जमलं तर ते सगळ्यात चांगलं. समुद्राजवळ खालचा भागही धुवायला हवा, चाकांच्या कमानींच्या आत पाणी मारा, आणि दारांच्या तळाशी पाणी जायला छोटी भोकं असतात ती लाल मातीने बुजलेली नाहीत ना ते बघा. दार आतून गंजतं ते तिथूनच.

प्रश्न: आमच्याकडे नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, बाकी बोअरचं. बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की पांढरे डाग राहतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वापरलं तर चालेल का? पाणी वाया घालवायची लाज पण वाटते.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. पण आरओचं वाया जाणारं पाणी रंगाला नको, बोअरमधले क्षार त्यात आणखी घट्ट झालेले असतात, डाग वाढतील. ते टायरला, पायपुसण्यांना, अंगणाला वापरा. डाग पडतात ते पाणी उडून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात म्हणून, तेव्हा पाणी रंगावर सुकूच द्यायचं नाही. संध्याकाळी धुवा, एक बाजू धुतली की लगेच पुसा, मग दुसरी. शेवटचा हात एसीच्या पाईपातून टपकणाऱ्या पाण्याने द्या, त्यात क्षार जवळजवळ नसतात, उन्हाळ्यात बादली सहज भरते.

पाणी वाचवायचं असेल तर रिन्सलेस वॉशचं लिक्विड मिळतं. आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर टाकायचं, सात-आठ मायक्रोफायबर त्यात भिजवायचे, एका भागाला एक कापड, एकदाच सरळ फिरवायचं आणि घडी उलटायची, मग सुक्या टॉवेलने टिपायचं. वरून पाणी सोडावं लागत नाही. पाईप लावून धुताना याच्या कितीतरी पट पाणी जातं. फक्त गाडी चिखलाने भरलेली असेल तेव्हा हे करू नका, आधी चिखल पाण्यानेच सुटला पाहिजे. पडलेल्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, कापडावर घेऊन दोन-तीन मिनिटं, मग शाम्पूने धुवा. उन्हात करू नका.

प्रश्न: कबुतरं! अजून काही लिहायची गरज आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही, कळलं. त्या घाणीत युरिक ॲसिड असतं, शिवाय उन्हात क्लिअर कोट तापून मऊ होतो आणि संध्याकाळी थंड होताना वाळलेल्या घाणीचा ठसा घेतो. म्हणून उन्हाळ्यात एका दुपारीत डाग कायमचा होऊ शकतो. डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन जुने मायक्रोफायबर कायम ठेवा. दिसली की टिश्यू ओला करून त्यावर ठेवायचा, पाच मिनिटांनी चिमटीत धरून वर उचलायचा, आडवा पुसायचा नाही कारण त्यात दाणे नि वाळू असते. ठसा पडलाच असेल तर आधी काही दिवस उन्हात राहू द्या, हलका असेल तर पुष्कळदा आपोआप भरतो, नंतरच पॉलिशचा विचार.

प्रश्न: महिन्यापूर्वीच घेतलेल्या गाडीला उसाच्या ट्रॉलीने घासलं, मागचं दार इन्शुरन्समध्ये रंगवून घेतलं. त्यावर वॅक्स कधी लावू? आणि बोनेटवर खडी लागून दोन टिकल्या उडाल्यात, आत राखाडी दिसतंय.
– एक वाचक, माळशिरस

उत्तर: दाराला निदान महिनाभर तरी वॅक्स, सिरॅमिक काही नको. कारखान्यातल्यासारखं गॅरेजमध्ये तापवता येत नाही, गाडीत प्लास्टिक-वायरिंग असतं म्हणून ६० अंशांच्या आसपासच भाजतात, त्यामुळे आतलं सॉल्व्हंट सावकाश बाहेर पडत राहतं. नक्की किती दिवस थांबायचं ते ज्यांनी रंगवलं त्यांनाच विचारा, रंगागणिक फरक पडतो. तोवर नुसतं पाणी आणि शाम्पू.

टिकल्यांचं म्हणाल तर राखाडी दिसतंय म्हणजे प्रायमर शाबूत आहे, घाबरू नका, पण पावसाळ्याची वाट बघू नका. दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली स्टिकर असतो त्यावर रंगाचा कोड असतो, तो सांगून टचअप पेन मागवा. जागा धुऊन, सुकवून, स्पिरिटने पुसा, मग पेनाबरोबर येणारा ब्रश नको, काडेपेटीच्या काडीचं टोक तासून त्याने फक्त खड्ड्यात थेंब सोडा. सुकला की खाली बसतो, दुसरा थेंब दुसऱ्या दिवशी. जवळून डोळे लावून बघितलं तर दिसेल, पण पाणी पत्र्यापर्यंत जाणार नाही.